दर्याच्या ओटीचा खण

आमच्या घरात ब्लाउजपीस कोणी विकत आणत नाही आणि शिवतही कोणी नाही. तरी कपाटाचा खालचा अख्खा कप्पा त्यांनीच भरलेला असतो. हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, वास्तुशांत, कुठेही जा, ओटीत नारळ, तांदूळ आणि एक ब्लाउजपीस पडतोच. नारळाची चटणी होते, तांदळाची खीर होते आणि पीस कप्प्यात जातो. पुढे कुणाची ओटी भरायची वेळ आली की त्यातलाच एक उचलायचा, घडी जरा नीट करायची आणि द्यायचा. मी नेरुळमधल्या एका मैत्रिणीला दिलेला पीस फिरत फिरत वर्षभरानं माझ्याच ओटीत येऊन पडला होता. आमच्या बायकांनी रिसायकलिंग केव्हाच शोधून काढलंय, फक्त त्यावर हिरव्या पानाचं लेबल लावायचं राहून गेलं.

लेबल लावण्याचं काम माझ्या कंपनीनं केलं. मी महापेला एका कपड्यांच्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे. रंग उतरतो का, धुतल्यावर कापड आटतं का, शिवण कुठे उसवते, हे बघण्यातच माझी आजवरची नोकरी गेली. अलीकडे आमच्याकडे टाकून दिलेल्या पाण्याच्या बाटल्यांपासून केलेल्या पॉलिस्टरचे टी-शर्ट निघतात. त्यांच्या गळ्याशी हिरवं पान छापलेलं असतं. ते आल्यापासून माझ्याकडे एक काम वाढलं. कापड धुवायचं, धुतलेलं पाणी बारीक गाळणकागदातून गाळायचं आणि कागदावर काय उरतं ते बघायचं. कागदावर एक करडी साय येते. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की दिसतं, ती सगळी तुटक्या धाग्यांची आहे. डोळ्यांना न दिसणारे धागे, प्रत्येक धुण्याला. थेट खनिज तेलापासून केलेलं नेहमीचं पॉलिस्टर आणि हे बाटल्यांचं, दोन्हींचे कागद शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा हे मला तरी सांगता यायचं नाही.

बाटल्यांच्या कापडाला नवं तेल उपसावं लागत नाही, वीज कमी लागते, हे खरं आहे. आमच्याकडे कोणी खोटं बोलत नाही. अर्धं बोलतात. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकली असती, आणि तिची पुन्हा एकदा. टी-शर्ट झाला की तो रस्ता बहुतेक वेळा तिथेच संपतो. मीटिंगमध्ये मी हे म्हटलं तेव्हा मार्केटिंगची एक मुलगी अगदी मनापासून म्हणाली, "पण मॅम, बाटली खाडीत जाण्यापेक्षा टी-शर्ट झालेला बरा ना?"

"बराच की," मी म्हणाले. "आणि टी-शर्ट कुठे जाणार?"

मग जेवणाची वेळ झाली आणि सगळे उठले. मला हे असले प्रश्न विचारून झाल्यावर स्वतःचाच राग येतो, आणि न विचारता गप्प बसले तर त्याहून जास्त येतो. नवरा म्हणतो, तुला पंगतीत बसवलं तरी तू पत्रावळ उलटी करून बघशील. बघते. आतून प्लास्टिकच असतं.

या सगळ्यात गेलं वर्षभर माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती, त्याचं कारण मात्र कापड नव्हतं. माझ्या धाकट्या दिराला मानेत गाठ आली होती. तपासल्यावर ती कॅन्सरची निघाली. तो बेलापूरला सरकारी कार्यालयात कारकून. तो, त्याची बायको आणि आम्ही, शेजारशेजारच्या इमारतींत राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाते.

जाऊ मोऱ्याची. उरणजवळच्या या बंदरात धक्क्यावरचं कोळ्यांचं घर, भावाची होडी. दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा साताऱ्याच्या माझ्या सासूबाईंनी एवढंच विचारलं होतं, की आता घराला मासळीचा वास येणार का. आला. आणि पुढे शेवटपर्यंत सासूबाईंना बांगडा खायचा तो धाकटीच्याच हातचा. ती मला ताई म्हणते. मी बोलते फार आणि ती करते फार, असं आमचं वीस-एक वर्षं चाललंय.

दिराची केमोथेरपी सगळी पावसाळ्यात आली. दवाखान्यातच कधीतरी तिनं नवस बोलला. हे आपल्या पायांनी घरी आले की दर्याची ओटी भरीन. त्यांच्याकडे ती पद्धत आहे. हळदकुंकू, तांदूळ, बांगड्या, नारळ आणि हिरवा खण समुद्राला वाहायचा. समुद्र म्हणजे घरातलं मोठं माणूस, त्याच्याशी बोलता येतं, कबूल करता येतं, आणि कबूल केलं की फेडावं लागतं.

दीर आपल्या पायांनी घरी आला. पण ओटी भरायला मुहूर्तच लागेना. आधी भावकीत कोणी गेलं म्हणून सुतक आलं, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र. आणि दसरा होतोय न होतोय तोच तपासणीला गेलेल्या दिराच्या मानेवरून हात फिरवताना डॉक्टर एका जागी थांबले. म्हणाले, "काही असेलच असं नाही. एकदा स्कॅन करून बघून घेऊ."

हे 'बघून घेऊ' ऐकून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. भाजी चिरताना, लॅबमध्ये कागद वाळवताना, रिक्षात, सगळीकडे तेच. जाऊ मात्र शांत होती. स्कॅनची तारीख मिळाली, रिपोर्ट नंतरच्या सोमवारी यायचा होता. तिनं लगेच सांगून टाकलं, "ताई, ओटी रविवारी. रिपोर्टच्या आदी."

"आधीच का? नवस तर पुरा झाल्यावर फेडतात."

"ह्ये घरी आले तवाच पुरा झाला तो. आता रिपोर्ट चांगला आला नि मग भरली, तर भाव केल्यासारखं. वाईट आला नि मग भरली, तर भीक मागितल्यासारखं. मला दोन्ही नको."

मी येते म्हणाले. आणि लगेच माझ्यातली पत्रावळ उलटी करणारी बाई जागी झाली. "खण मात्र मी आणते. सुती आणते."

ती सार ढवळत होती, तशीच ढवळत राहिली. मी ओट्याशी उभं राहून तिला सगळं सांगितलं. हे हिरवे चमकणारे पीस म्हणजे प्लास्टिकच असतं, ते कुजत नाही, त्याचे धागे होतात, धाग्यांचे तुकडे होतात, ते मासळीच्या पोटात जातात. तिनं ऐकून घेतलं.

"पावसात ह्यांचे तेच शर्ट वालत होते ताई," ती म्हणाली. "सुती बनियन ओलीच राहायची. तिला वास मारायचा नि त्या वासानं ह्यांना उलटी व्हायची. तुमीच आनून दिलेले ते बाटलीचे शर्ट. रात्री घामानं भिजला की धुवायचा, पंख्याखाली टाकायचा, सकाली घालायला तयार. त्यांनी मला तारलं."

हे खरं होतं. नमुन्याचे उरलेले टी-शर्ट मीच पिशवी भरून दिले होते. गळ्याशी हिरवं पान असलेला एक शर्ट घालून दीर बाहेरच्या खोलीत मॅच बघत बसला होता. त्याचं वजन इतकं उतरलं होतं की शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा वाटायचा.

"मग दर्याला तेच दिलं तर काय बिघडलं?" तिनं विचारलं.

"तुझ्या भावाच्या जाळ्यात येतं ते."

हे लागलं तिला. भाऊ फोनवर नेहमी तेच रडगाणं गायचा, मासळी कमी आणि चिंध्या जास्त. तिनं गॅस बारीक केला. "आना मग. पन नवीन आना. नवसाची ओटी फिरवाफिरवीची नाय चालत. नि हिरवाच पायजे, काठाचा. दर्याला घ्यायचं नसलं तर तो परत आनून टाकतो ताई. मग त्याहून वाईट काय नाय."

त्या संध्याकाळी मी घरी येऊन कपाटाचा कप्पा रिकामा केला. यातला एकही चालणार नाही हे तिनं सांगितलं होतंच, पण मला बघायचं होतं. हाताला चाळा हवा होता म्हणा. प्रत्येक पिसाचा एक धागा ओढायचा आणि चिमट्यात धरून गॅसवर न्यायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, भुरभुरीत राख होते आणि बोटांनी चोळली की उडून जाते. पॉलिस्टरचा धागा आधी आक्रसतो, मग वितळतो, काळा धूर काढतो आणि शेवटी टोकाला एक टणक मणी उरतो. ओट्यावर मण्यांची रांगच लागली. राख एकाचीही झाली नाही. रेशमी म्हणून आलेले, खादी म्हणून आलेले, "खास तुझ्यासाठी पैठणहून आणलाय" म्हणून आलेले, सगळ्यांचे मणी.

नवरा नाक दाबून दारात उभा राहिला. "आज काय, ब्लाउजपीसची फोडणी?"

मला हसू आलं आणि नंतर बराच वेळ चिडचिड झाली. कारण पिसांच्या वरच्या कप्प्यात माझ्या नवरात्राच्या साड्या होत्या. ऑफिसातल्या आम्ही बायका नवरात्रात रोज ठरलेल्या रंगाची साडी नेसतो आणि जिन्यात फोटो काढतो. दर वर्षी एखादा रंग आपल्याकडे नसतोच, मग तो घ्यायचा. वर्षातून एकदा नेसायची साडी कोण महागाची घेणार? मी त्या साड्यांचे धागे ओढले नाहीत. गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून माझी शोधाशोध सुरू झाली. दिवाळी तोंडावर होती, दुकानं भरलेली. ओटीचे तयार सेट रचून ठेवलेले, वर जिलेटिनचा कागद, आत हिरवा पीस, प्लास्टिकची फणी, प्लास्टिकचा आरसा. वाशीच्या एका दुकानात मी सुती खण मागितला तर मालकानं मागे वळूनही न बघता एक काढला. "प्युअर कॉटन, मॅडम."

मी धागा ओढला आणि पर्समधून काडेपेटी काढली. तो काउंटरवरून जवळजवळ उडी मारून पुढे आला. "ओ मॅडम, दुकान जलाने आयी क्या?"

मी बाहेर जाऊन फुटपाथवर धागा पेटवला. मणी. आत जाऊन त्याला दाखवला. तो म्हणाला, "अब क्या है, धुवायला सोपं आहे, इस्त्री नाय लागत, लोकांना तेच पायजे." त्यातही खोटं काही नव्हतं. मला सगळीकडे खरं बोलणारी माणसंच भेटत होती आणि हातात मणी उरत होता.

त्या दिवसांत स्कॅन होऊन गेला. दीर मशीनमधून बाहेर आला तो हसत, म्हणाला, आत झोप मस्त लागते, ऑफिसात असं एखादं मशीन पाहिजे. जावेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो पार्किंगपर्यंत काढला नाही. मी त्यांच्या मागून चालत होते. मला त्या पाठीवरच्या शर्टाचीसुद्धा भीती वाटत होती, इतकी ती पाठ त्यात कमी होती. घरी येऊन मी उगाचच भांडी घासली. कामवाली दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, माझ्यावर रागावलाय का?"

शेवटी खण मिळाला तो बेलापूरच्या हातमागाच्या प्रदर्शनात. गर्द हिरवा, तांबडा काठ, अंगात जराशी खळ. विणणाऱ्या बाईंनी धागा ओढू दिला. वॉचमन माझ्याकडे संशयानं बघत होता, तरी मी फाटकाशी उभं राहून काडी ओढली. धागा झरकन जळाला, वास कागदाचा, आणि बोटांत राख. मी भर रस्त्यात राखेकडे बघून हसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मला वाटायला लागलं, आता रिपोर्टही चांगला येईल. नवस बोलणाऱ्यांना मी मनातल्या मनात हसत आले आहे. पण त्या फाटकाशी मी त्यांच्याहून काही वेगळा हिशेब करत नव्हते.

जावेनं खण हातात घेतला, दोन बोटांत चुरगळून पाहिला, गालाला लावला. "काय मऊ हाय," ती म्हणाली. मी खूश होऊन घरी आले.

रविवारी आम्ही दोघी निघालो. नवऱ्यानं गाडी काढली. दीर खिडकीतून म्हणाला, "वहिनी, नीट जा. नाहीतर ही नवसात मलाच बुडवून यायची." जाऊ त्याच्याकडे बघून हसली आणि गाडीत बसल्यावर तिनं तोंड फिरवलं.

ओहोटीच्या पाण्यात ओटी सोडायची, म्हणजे पाणी ती घेऊन जातं. भावानं वेळ सांगितली होती आणि आम्ही वेळेत निघालोही होतो. पण उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक उभे. कुठेतरी पुढे एक बंद पडला होता. जाऊ मांडीवर पिशवी घेऊन बसली होती आणि खाडीच्या बाजूला दिसणाऱ्या प्रत्येक चिखलाकडे बघत होती, पाणी किती उतरलंय म्हणून. माझा नवरा हॉर्न वाजवायचा आणि मी त्याच्यावर ओरडायची. वाजवायचा थांबला की का थांबलास म्हणून ओरडायची.

तिनं भावाला फोन लावला. "पानी फिरलं का रं?"

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. तिनं फोन पिशवीत ठेवला. "फिरतंय म्हनतो, भरती लागली."

मोऱ्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा भाऊ पायऱ्यांशी होडी बांधून पाण्यात वाकला होता. होडीच्या इंजिनाचा पंखा वर उचललेला होता आणि तो सुरीनं त्याच्यात गुंतलेलं कापड कापून काढत होता. तांबडं, जरीच्या काठाचं, चिखलानं काळं पडलेलं. धाग्यांचा पीळ होऊन पंख्याच्या दांड्याला घट्ट बसलं होतं. "देवीचं पातल हाय," तो आम्हाला बघून म्हणाला. "नवरात्र झालं की ह्येच काम. होडी आता नाय निघायची, ताई. ह्येच पायऱ्यांवरनं सोडा."

मी जावेकडे बघितलं. बघ, मी काय सांगत होते, असा चेहरा माझा झाला असणार. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पाण्याकडे बघत होती. पाणी पायरीला लागून हळूच वर येत होतं.

नवरा गाडीशी थांबला. आम्ही दोघी खाली उतरलो. तिनं कोरड्या पायरीवर बसून पिशवीतून एकेक काढलं. हळदकुंकवाचा करंडा, तांदूळ, काचेच्या हिरव्या बांगड्या, शेवंती, नारळ. मग एका जुन्या रुमालात गुंडाळलेला खण काढला. रुमाल सुटला आणि ऊन त्याच्यावर पडलं. तशी चमक सुताला येत नाही. मला काडी ओढावी लागली नाही.

"हा कुठला?"

"दवाखान्याच्या बाहेर घेतला होता. ह्यांच्या उशाखाली होता, सगला वेल."

"आणि मी आणलेला?"

तिनं रुमालाची घडी घातली. "तो शिवायला टाकला. अंगाला बरा वाटंल म्हनून."

मला भयंकर राग आला. सुती खण हिच्या अंगावर आणि प्लास्टिकचा दर्यात. तिकडे तिचा सख्खा भाऊ पंख्यातून तेच उपसतोय, आणि ही. त्या काडेपेट्या, ते दुकानदार, तो वॉचमन, सगळं डोळ्यांसमोर आलं. नवसाला काय कळतंय कापड, असं अगदी तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, "अगं, तुला एवढं सांगून…"

"ताई, नवस बोलले तवा ह्योच हातात होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दर्याला सांगितलं, ह्यो तुजा, नि ह्ये माजे. आता दुसरा कसा देऊ त्याला?"

तिनं खणाची घडी उलगडून मांडीवर सारखी केली. तेव्हा मला दिसलं, हिरव्या कापडावर बारीक काळे केस चिकटलेले होते. आखूड, पांढऱ्यात मिसळलेले. दिराचे. केमोनंतर त्याचे केस गळायला लागले तेव्हा उशीवर पुंजकेच्या पुंजके यायचे. पॉलिस्टर घासलं गेलं की केस ओढून घेतं आणि सोडत नाही, हे मी किती नमुन्यांवर पाहिलं आहे. तिनं ते झटकले नव्हते. रुमालात गुंडाळून जसेच्या तसे ठेवले होते.

मी करंड्याचं झाकण उघडून तो तिच्यापुढे धरला.

तिनं खणावर हळदकुंकू वाहिलं, तांदूळ घातले, बांगड्या आणि नारळ ठेवला. शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत गेली, वाकली आणि दोन्ही हातांनी ओटी पाण्यावर ठेवली. काहीतरी पुटपुटली, ते तिच्या बोलीत होतं आणि माझ्यासाठी नव्हतं. मग हात जोडून तिनं डोळे मिटले. भाऊ होडीकडे वळून पुन्हा पंख्याशी लागला होता.

तांदूळ लगेच बुडाले. बांगड्याही गेल्या. नारळ डुचमळत बाजूला निघाला आणि शेवंती त्याच्यामागे पांगली. खण मात्र उघडला. त्याच्या पोटात हवा भरली, तो फुगला आणि पाण्यावर बसून राहिला. भरतीच्या पाण्यानं त्याला एकदा गोल फिरवलं आणि सरळ पायरीकडे आणायला सुरुवात केली.

दर्याला घ्यायचं नसलं तर तो परत आणून टाकतो. मी जावेकडे बघितलं. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. उद्या सोमवार.

मी चपला काढल्या नाहीत. शेवाळलेल्या पायरीवरून घसरतच खाली गेले, सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. खण पायरीला टेकणार तोच मी हातानं तो लांब ढकलला. तो हातभर गेला आणि पुन्हा माझ्याकडे आला. पुन्हा ढकलला. पुन्हा आला. एवढा हलका, एवढा चमकदार, जसा काही मला ओळखत होता.

मग माझ्या हातांना आठवलं. पॉलिस्टर पाण्यापेक्षा जड असतं. ते तरंगतं ते आत अडकलेल्या हवेमुळे. लॅबमध्ये नमुना पाण्यात नीट बुडावा म्हणून मी रोज तेच करते, आधी दाबून त्याच्यातली हवा काढून टाकते. मी खण दोन्ही हातांत धरला आणि पाण्याखाली पिळला. बुडबुडे आले. त्याची घडी घातली, पुन्हा पिळला, खालच्या पायरीच्या पलीकडे वाकून चिखलात दाबला. चिखल गार आणि मऊ होता. माझ्या बोटांना कापडावरचे केस लागत होते. जा, मी मनात म्हणत होते, जा बाई, आत जा, इथेच राहा, वर येऊ नकोस. इतक्या तळमळीनं मी आयुष्यात देवाला काही मागितलं नसेल.

"ताई," जावेनं वरून विचारलं. तिनं डोळे अजून उघडले नव्हते. उघडायला घाबरत होती. "घेतली का?"

माझा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. मुठीखाली खण उरल्यासुरल्या हवेनं अजून वर यायला बघत होता.

"घेतली," मी म्हणाले. "तू नमस्कार पुरा कर."